इंद्रिय, यंत्र आणि झाशीचा वेढा

प्रकाश, ध्वनी, उष्णता टिपणाऱ्या उपकरणाला मराठी परिभाषेने 'संवेदक' हे नाव दिले आहे. 'सेन्सर' या इंग्रजी शब्दाचा हा पर्याय रचनेच्या दृष्टीने निर्दोष आहे. तथापि त्याने नकळत एक प्रतिज्ञा केली आहे आणि ती तपासून घेण्याजोगी आहे. 'संवेदना' हा शब्द आपल्याकडे ज्ञान आणि वेदना या दोहोंच्या सीमेवर उभा आहे. पाऱ्याची नळी तापमान दाखविते, तेव्हा तिला उन्हाळा जाणवला असे कोणी म्हणत नाही. मग कवीला किंवा प्रवासवृत्त लिहिणाराला जे जाणवते, ते या नळीच्या नोंदीहून नेमके कोठे वेगळे होते?

हल्ली या प्रश्नाची चर्चा बहुधा पाश्चात्त्य प्रयोगशील कलाकृतींच्या आधाराने होते. मेक्सिकन कलावंत राफाएल लोझानो-हेमर याच्या २००६ सालच्या 'पल्स रूम' या रचनेत प्रेक्षक एक दांडी हाती धरतो, यंत्र त्याच्या नाडीचे ठोके टिपते आणि छताला टांगलेले विजेचे दिवे त्या लयीत उघडझाप करू लागतात. उदाहरण मनोवेधक आहे, परंतु मराठी वाचकाला हा प्रश्न विचारण्यासाठी इतके दूर जाण्याचे कारण नाही. बुंदेलखंडातील झाशी या मराठी राजवटीच्या शहराने तो १८५८ साली फार कठोर रीतीने विचारला होता. त्या वेळी शहराच्या तटाबाहेर दुर्बिणी, निशाणांचा तारायंत्रवजा ठाणा आणि घड्याळे होती. तटाच्या आत पेणजवळच्या वरसई गावचा एक भिक्षुक आपल्या पाच इंद्रियांनिशी अडकून पडला होता. दोन्ही बाजूंची नोंद उपलब्ध आहे. अशी जोडी साहित्याच्या इतिहासात क्वचितच हाती लागते.

प्रथम काळाची थोडी आखणी करणे इष्ट. झाशी संस्थान खालसा झाले ते १८५४ साली. त्याच वर्षी कलकत्ता ते आग्रा ही विद्युत्-तारेची वाट पुरी झाली आणि त्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. या तीन घटनांत कार्यकारणसंबंध शोधणे व्यर्थ आहे; परंतु दूरवरचे ऐकण्याचे व क्षणिकाला धरून ठेवण्याचे साधन हिंदुस्थानात रुजत असता नेवाळकरांचे राज्य मावळत होते, एवढे ध्यानात घ्यावे. तारेच्या बाबतीत एक गोष्ट विशेष उद्बोधक आहे. डॉ. विल्यम ओ'शॉनेसी याने १८३९ साली कलकत्त्याजवळ जे आरंभीचे प्रयोग केले, त्यांत संदेश 'वाचण्या'साठी त्याने मानवी त्वचेचाही उपयोग करून पाहिला. तारेच्या टोकाशी बसलेल्या माणसाच्या बोटांना विजेचे हलके झटके बसत आणि त्यांवरून खूण ओळखली जाई. पुढे सुईच्या हेलकाव्यांवरून संदेश वाचण्याची पद्धत आली, नंतर मोर्सचे यंत्र आले. म्हणजे आपल्याकडील विद्युत्-संदेशाच्या इतिहासाच्या प्रारंभीच यंत्र आणि इंद्रिय यांची सीमा अशी पुसट आहे की, तेथे संवेदक कोण, तार की बोट, हे सांगणे अवघड व्हावे.

आता झाशीकडे वळू. सर ह्यू रोज आपल्या फौजेसह २१ मार्च १८५८ रोजी शहरापुढे आला. त्याने तोफांची मोर्चेबंदी केली, आणि त्याबरोबरच पूर्वेकडील टेकड्यांवर एक संकेतठाणा बसविला. बेतवेच्या दिशेने मदतीची फौज येते की काय, हे पाहण्यासाठी तेथे माणसे नेमली होती आणि त्यांनी पाहिलेले निशाणांच्या भाषेत छावणीला कळवावयाचे होते. ३१ मार्च रोजी त्या ठाण्यावर निशाणे चढली आणि उत्तरेकडून शत्रू मोठ्या संख्येने येत असल्याचे रोजला समजले. तो शत्रू म्हणजे तात्या टोपे यांची फौज. रात्री तात्यांच्या बाजूने एक प्रचंड आगटी पेटविण्यात आली. झाशीच्या तटावरून तिला जल्लोषाने आणि तोफांच्या सलामीने उत्तर मिळाले.

या रात्रीपाशी थोडे थांबले पाहिजे. आगटी एकच आहे. तिच्यातून निघालेला प्रकाश तटावरच्या माणसांच्या डोळ्यांत शिरला तसाच छावणीतल्या माणसांच्या डोळ्यांतही शिरला. त्या काळी आजच्यासारखे प्रकाशग्राही यंत्र तेथे असते, तर त्यानेही तो टिपला असता. अशा यंत्रात सिलिकनच्या पातळ चकतीवर प्रकाश पडला की विद्युत्भार सुटा होतो, तो भार मोजला जातो आणि त्याचा एक आकडा बनतो. तटावर ठेवा की छावणीत ठेवा, अंतराचा फरक सोडला तर आकडा तोच. पण तटावर त्या उजेडाचा अर्थ 'सुटका' असा झाला आणि छावणीत 'सावध' असा. १ एप्रिलला बेतवेकाठी लढाई झाली, तात्यांचा पराभव झाला, आणि आदल्या रात्रीच्या सलामीला मागाहून एक तिसराच अर्थ चिकटला. तो कोणत्याच डोळ्याला त्या रात्री दिसलेला नव्हता. कथनाची कला येथून पुढे सुरू होते, कारण ज्या प्रकाशाचे काय झाले हे आता माहीत आहे, तोच प्रकाश माहीत नसलेल्या डोळ्यांनी पुन्हा पाहणे हे तिचे काम आहे.

यावरून इंद्रिय अर्थवान आणि यंत्र अर्थहीन, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो सोपा आहे, आणि म्हणूनच सांभाळून घ्यावयास हवा. रोजच्या संकेतठाण्याला निरर्थक कसे म्हणावे? कोठे पाहावयाचे, काय दिसले तर निशाण चढवावयाचे, कशाकडे दुर्लक्ष करावयाचे, हे सारे आधीच ठरलेले होते. त्या टेकडीवरून शेतकरी, गुरे, धुळीचे लोट हे सर्व दिसत असणारच. त्यांच्यासाठी निशाण नव्हते. प्रत्येक यंत्रात अशी निवड आधीच भरलेली असते. तापमापक फक्त उष्णता मोजतो, कारण कोणाला तरी फक्त उष्णता हवी होती. यंत्राची तटस्थता ही त्याच्या मालकाच्या हेतूने आधीच आखून दिलेली तटस्थता आहे.

आपल्या परंपरेतील न्यायदर्शनाने या प्रश्नाची एक बाजू फार पूर्वी स्वच्छ केली आहे. प्रत्यक्ष ज्ञान हे इंद्रिय आणि विषय यांच्या सन्निकर्षातून उपजते, हे तर न्यायाचे मूलसूत्रच होय. परंतु केवळ तेवढ्याने ज्ञान होत नाही, अशीही नैयायिकांची भूमिका आहे. आत्म्याचा मनाशी, मनाचा इंद्रियाशी आणि इंद्रियाचा विषयाशी संयोग झाला पाहिजे. मन दुसरीकडे असले तर उघड्या डोळ्यांपुढून हत्ती गेला तरी दिसत नाही. इंद्रिय हे ज्ञाता नव्हे. ते करण आहे, साधन आहे. ही भूमिका पत्करली तर डोळा आणि दुर्बीण एकाच बाजूला येऊन बसतात. दोन्ही साधनेच, एक जन्मजात, दुसरे घडविलेले. मग विचारावयाचा प्रश्न पालटतो. साधन मांसाचे की पितळेचे, हे गौण ठरते आणि त्या साधनामागे कोणाचे मन बसले आहे, हे महत्त्वाचे होते. टेकडीवरचे निशाण पाहून रोजला झालेले ज्ञान तर न्यायाच्या भाषेत प्रत्यक्षही नव्हे. निशाण दिसणे एवढे प्रत्यक्ष. शत्रू येतो आहे हे कळणे म्हणजे संकेताने जोडलेल्या शब्दाचे ज्ञान. यंत्राच्या काट्यावरून आपण जे जाणतो ते बव्हंशी असेच, पर्वतावरच्या धुरावरून जाणलेल्या अग्नीच्या जातीचे असते.

तटाच्या आत विष्णुभट गोडसे होते. जन्म १८२७, वृत्ती भिक्षुकी, घरी दारिद्र्य आणि कर्ज. मथुरेस बायजाबाई शिंदे सर्वतोमुख यज्ञ करणार व मोठा दानधर्म होणार, या बातमीवरून ते काका रामभट यांच्यासह १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या ऐन वणव्यात सापडले. झाशीचा वेढा, तोफांचा मारा, ३ एप्रिलचा हल्ला आणि त्यानंतरची कत्तल व लूट हे सारे त्यांनी शहरात राहून अनुभविले. पुढे सुमारे पंचवीस वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्य यांच्या प्रोत्साहनाने त्यांनी ते लिहून काढिले. हेच 'माझा प्रवास'.

या ग्रंथाकडे इतिहासाचे साधन म्हणून पुष्कळ पाहिले गेले आहे आणि त्याचे दोषही पुष्कळ दाखविले गेले आहेत. बंडाची कारणे, राजेरजवाड्यांची मसलत यांविषयी गोडसे भटजी लिहितात ते बरेचसे ऐकीव आहे आणि तेथे ते घसरतात. पण हे घसरणे कोठे होते, याला एक नियम आहे, आणि समीक्षकाने त्याची दखल घेतली पाहिजे. जेथे त्यांचे शरीर हजर असते तेथे लेखणी सहसा भरकटत नाही. लुटीचे वर्णन पाहावे. आधी सोनेचांदी व जडजवाहीर गेले, मग तांब्यापितळेची भांडी, मग कापडचोपड, मग धान्य, असा क्रम ते देतात. हा क्रम कोणत्याही खलित्यात सापडावयाचा नाही, कारण लुटणाराला तो क्रम म्हणून दिसत नाही. घराच्या आत दडून बसलेल्या आणि दर दिवशी काय उरले हे मोजणाऱ्या माणसालाच तो दिसतो. चौकाचौकांत प्रेते जाळली गेली आणि शहराचे स्मशान झाले, हे सांगताना त्यांना अलंकाराची गरज वाटत नाही. राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाच्या नाशाचे दुःख मात्र ते विस्ताराने सांगतात. पोथीचा स्पर्श ज्याच्या बोटांना लहानपणापासून माहीत आहे, त्याचेच ते दुःख आहे.

भिक्षुकाच्या दृष्टीला तिची स्वतःची मर्यादा आहे, हे येथेच सांगून टाकावे. दक्षिणा किती मिळाली, जेवण कसे होते, ब्राह्मणांची काय अवस्था झाली, या गोष्टी त्यांना बारकाईने दिसतात. झाशीच्या कोष्ट्यांचे, शिपायांचे, तोफखान्यावरच्या गोलंदाजांचे हाल त्यामानाने दुरून दिसतात. तटावर स्त्रिया काम करताना व दारूगोळा वाहताना दिसल्याची नोंद इंग्रजी वृत्तांतांत आहे. म्हणजे एखादी गोष्ट बाहेरून पाहणाऱ्या शत्रूनेही नीट टिपली, असे म्हणणे प्राप्त आहे. साधनामागचे मन ज्या रीतीचे, त्या रीतीची नोंद. ही कसोटी रोजला लावावयाची आणि गोडसे भटजींना लावावयाची नाही, हा पक्षपात होईल.

तरीही दोहोंत एक भेद उरतोच. लाइपझिगचा शास्त्रज्ञ गुस्टाव फेक्नर याने झाशी पडल्यानंतर दोनच वर्षांनी, १८६० साली, मानवी संवेदना मोजण्याचा आपला प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित केला. बाहेरचे उद्दीपन पटीपटीने वाढत गेले तर आतली जाणीव पायरीपायरीनेच वाढते, असा त्याचा सिद्धान्त. सामान्य भाषेत सांगावयाचे तर अंधारात एक पणती लावली तर डोळा दिपतो, आणि शंभर पणत्यांत एक वाढविली तर कळतही नाही. चांगले यंत्र असे वागत नाही. त्याला शंभरावी पणती पहिलीइतकीच मोजता आली पाहिजे, नाहीतर ते बिघडलेले समजावे. तोफेचा पहिला गोळा आणि अकराव्या दिवसाचा गोळा यंत्राला सारखाच. वेढ्यात राहणाऱ्या माणसाला तो सारखा असूच शकत नाही. त्याच्या कानाला सवय होते, ती सवय झाल्याची त्याला मग लाज वाटते, आणि गोळे थांबल्यावर शांतताच असह्य होते. मोजमापाच्या दृष्टीने हा दोष आहे. साहित्याचा निम्मा विषय या दोषातूनच आलेला आहे.

राणी लक्ष्मीबाईंच्या रूपाविषयीचा वाद हा याच प्रश्नाचा दुसरा पदर होय. ऑस्ट्रेलियात जन्मलेला वकील जॉन लँग १८५४ साली राणींच्या बोलावण्यावरून झाशीस आला. त्या पडद्याआड होत्या. त्याने प्रथम आवाज ऐकला, आणि तो त्याला फारसा गोड वाटला नाही. मग लहानग्या दामोदररावाने पडदा बाजूला केला आणि क्षणभर त्याला त्या दिसल्या. १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकात हा प्रसंग आहे. म्हणजे राणींच्या मुद्रेची जी प्रत्यक्ष साक्ष आपल्यापाशी आहे तिचा एक मोठा भाग एका मुलाच्या हाताच्या हालचालीवर अवलंबून आहे. आपल्या काळाला हे पुरेसे वाटत नाही. त्याला छायाचित्र हवे आहे. २००९ च्या सुमारास १८५० सालचे व हॉफमन नावाच्या कलकत्त्याच्या छायाचित्रकाराने घेतलेले म्हणून राणींचे एक चित्र पुढे आले व वृत्तपत्रांतून फिरले. वस्तुतः जॉन्स्टन अँड हॉफमन ही कलकत्त्याची प्रसिद्ध पेढी १८८०च्या दशकातली, राणींच्या मृत्यूनंतर दोन तपांनी उदयास आलेली. पण हा तपशील सांगूनही लोकांचे समाधान होत नाही. शब्दांवर आपला विश्वास इतका डळमळला आहे की, यंत्राची खोटी साक्षसुद्धा माणसाच्या खऱ्या साक्षीपेक्षा जवळची वाटावी.

आणि यंत्राची साक्ष खोटी असू शकते, हेही त्याच वर्षाने दाखविले आहे. फेलिचे बेआतो हा छायाचित्रकार १८५८ साली हिंदुस्थानात आला. लखनौच्या सिकंदरबागेतील त्याचे हाडांनी विखुरलेल्या अंगणाचे चित्र जगप्रसिद्ध आहे. तेथील लढाई नोव्हेंबर १८५७ मधली; छायाचित्र त्यानंतर काही महिन्यांनी घेतलेले, आणि चित्र परिणामकारक व्हावे म्हणून हाडे मुद्दाम मांडली गेली, असे अभ्यासकांचे मत आहे. भिंगाने जे होते ते टिपले. परंतु त्यापुढे काय ठेवावयाचे हे भिंगाने ठरविले नव्हते.

झाशीचा यंत्राशी संबंध युद्धापुरताच राहिला नाही. इंडियन मिडलंड रेल्वे आली आणि झाशी मोठे रेल्वेकेंद्र झाले. त्या रेल्वेच्या तारखात्यात महावीरप्रसाद द्विवेदी नोकरीस होते. त्यांनी तारेचे काम मुंबईत शिकून घेतले होते. मराठी त्यांना येत होती. १९०३ साली 'सरस्वती' मासिकाचे संपादन त्यांच्याकडे आले तेव्हा ते झाशीतच होते. पुढे रेल्वेची नोकरी त्यांनी सोडली आणि १९२० पर्यंत त्या मासिकाद्वारे खडी बोलीचे गद्य घडविले. मोर्सचा सराईत तारबाबू कागदाकडे न पाहता यंत्राच्या टकटकीवरून कानाने शब्द ओळखतो. दोन टकटकींमधल्या अंतराने अक्षर बदलते. चुकीला क्षमा नाही. भाषेतील शिथिलता द्विवेदींना खपत नसे आणि लेखकांच्या मजकुरावर त्यांची लेखणी निर्दयपणे चाले, हे सर्वश्रुत आहे. या दोन गोष्टींचा संबंध जोडणे ही कदाचित कल्पनाच ठरेल. पण व्यवसायाने घडविलेला कान व्यवसाय सुटला तरी माणसाबरोबर राहतो, एवढे म्हणण्यास हरकत नसावी. जवळच्या चिरगावचे तरुण मैथिलीशरण गुप्त याच कानाच्या कसोटीला उतरून कवी म्हणून पुढे आले.

संपादकाची लेखणी हाही एक प्रकारचा गाळक असतो, हे 'माझा प्रवास' या ग्रंथाच्या नशिबावरूनही दिसते. वैद्यांनी तो १९०७ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर छापिला. त्यात त्यांनी काही गाळले, काही बदलले, भाषा नीटनेटकी केली. परकी सरकारचा काळ होता, आणि शिष्टतेच्या कल्पनाही होत्या. त्यांना दोष देणे सोपे आहे आणि फारसे न्याय्य नाही. परंतु परिणाम असा झाला की, जवळजवळ सहा दशके मराठी वाचकाने गोडसे भटजींच्या डोळ्यांनी जे पाहिले ते वैद्यांच्या भिंगातून पाहिले. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ साली आली, तेव्हा कोठे हे भिंग बाजूला झाले. संवेदकशास्त्रात यंत्राचे अंशांकन तपासतात, म्हणजे ज्ञात मापाशी ताडून त्याचा कल शोधतात. पाठचिकित्सा वेगळे काय करते? दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून वाचणारास १९०७ सालच्या मराठी सुशिक्षिताला काय ऐकवत नव्हते याचे माप मिळते, आणि हे माप मिळविण्यासाठी दुसरे साधन नाही.

आज झाशीच्या किल्ल्यात संध्याकाळी ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम होतो. हा प्रकार फ्रान्समधील शांबोर येथे १९५२ साली सुरू झाला आणि १९६५ साली दिल्लीच्या लाल किल्ल्यात आला. काळोखात तटावर तांबडा उजेड पडतो, ध्वनिवर्धकातून तोफा गरजतात, घोड्याच्या टापा एका बाजूने दुसऱ्या बाजूस जातात. 'कडकबिजली' तोफ तेथेच दिवसा पाहावयास मिळते. या कार्यक्रमाची थट्टा करणे रसिकतेचे लक्षण समजले जाते. ते तितकेसे बरोबर नाही. हजारो माणसांना तो काहीतरी देतो. मात्र तो डोळा आणि कान या दोनच इंद्रियांशी बोलतो. घाण, उकाडा, दडलेल्या माणसाच्या पायाला येणाऱ्या मुंग्या, तहान, यांच्यासाठी त्याच्यापाशी दिवा नाही.

तहानेचा उल्लेख सहज आला नाही. त्या उन्हाळ्यात रोजच्या फौजेत उष्माघाताने माणसे पडत होती, स्वतः रोजही कुंचच्या लढाईत उन्हाने कोसळला; इंग्रजी वृत्तांत उन्हाचे वर्णन विस्ताराने करतात. गोडसे भटजींच्या ग्रंथात उष्णतेचा आकडा कोठेच नाही. काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना पुरुषी पठाणी वेषातील राणी लक्ष्मीबाई भेटल्या. सर्वांग धुळीने भरलेले, तोंड सुकलेले, तहान लागलेली. भटजी पाणी शेंदावयास पुढे झाले तेव्हा त्यांनी, आपण विद्वान ब्राह्मण, आपण माझ्यासाठी पाणी काढू नये, अशा अर्थाचे काही म्हणून त्यांना थांबविले आणि स्वतःच पाणी शेंदून ओंजळीने प्याल्या.